कादर मास्तरांचा अंगठा

शहाद्याच्या शाळेत मी रुजू झालो तेव्हा माझ्याजवळ ट्रेनिंग कॉलेजचा दाखला होता, नवा काळा कोट होता आणि आपल्याला मराठी कविता शिकवता येते असा एक गैरसमज होता. कोट चार वर्षं टिकला. दाखला अजून पेटीत आहे. गैरसमज पहिल्याच आठवड्यात गेला, आणि तो घालवणाऱ्या माणसाविषयी हे लिहितो आहे.

एकोणीसशे तिसाच्या आसपासची गोष्ट. आमचा मुलूख तेव्हा पश्चिम खानदेशात मोडायचा आणि शहादा म्हणजे कापसाच्या गाड्यांचं, धुळीचं गाव होतं. शाळेत दोन वर्गांच्या मध्ये नुसत्या फळ्यांची भिंत. अलीकडे मी सहावीला वृत्तांचे गण शिकवत होतो. 'यमाताराजभानसलगं', 'यमाताराजभानसलगं' असा मुलांचा घोष चालला होता. गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होती बिचारी, पण एकाच्याही तोंडावर काही कळल्याची खूण नव्हती. पलीकडच्या पाचवीतून मात्र कसलाच आवाज येत नव्हता. मध्येच पंचवीस-तीस पोरांनी एकदम काहीतरी केल्यासारखी जमीन वाजे आणि पुन्हा शांत होई. मला राहवेना. मी फळीच्या फटीला डोळा लावला.

एक काटकुळा माणूस, डोक्यावर गोंडा झडलेली तुर्की टोपी, वर्गाच्या मधोमध उभा राहून हवेत कापड रंगवत होता. झटकन बुडवायचं, सावकाश उचलायचं, सावकाश पिळायचं. पुन्हा झटकन बुडवायचं. सगळी मुलं उभी राहून तेच करत होती. मग त्यानं तोंडानं एक ओळ सोडली:

'नदीच्या तडीला उभा मी सकाळी.'

बुडव, उचल, पीळ. लघु, गुरू, गुरू. चार वेळा. जे भुजंगप्रयात मी वर्षभर घोकून परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं होतं, ते त्या मुलांच्या खांद्यांत शिरताना मी डोळ्यांनी पाहिलं. मागच्या बाकावरच्या एका पोरानं तर तिथल्या तिथे स्वतःची ओळ जोडली, 'अजूनी न आली घरातून भाजी', आणि त्या माणसानं उजव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवत बारा अक्षरं मोजली आणि मान डोलावली. "बसली! भाजी आली नसली तरी ओळ बसली."

हे कादर मास्तर.

त्यांचं घर रंगाऱ्यांचं. वडील, आजे, पणजे सगळे नीळ घालणारे. वडील गेल्यावर भट्टी धाकट्या भावानं सांभाळली आणि हे मराठी फायनल पास होऊन शाळेत लागले. पण रविवारी भावाच्या हाताखाली पिंपात हात घालायचेच, त्यामुळे त्यांची नखं बारा महिने निळी असत. खडू धरला की पांढऱ्यावर ती निळाई अधिकच उठून दिसे. लग्न झालं होतं, पण बायको पहिल्या बाळंतपणात गेली आणि नंतर त्यांनी तो विषय काढू दिला नाही. घरात भाऊ, भावजय आणि अम्मा. अम्मांची दृष्टी तेव्हा जात चालली होती. तरी कापडाचा रंग कच्चा की पक्का हे त्याच सांगायच्या. अंगठा तोंडात ओला करायचा, कापडावर जोरानं घासायचा आणि शेजाऱ्याला विचारायचं, "लगा क्या?" अंगठ्याला रंग लागला तर तो ताका परत पिंपात. गिऱ्हाईक दारात खोळंबलं असलं तरी परत पिंपात.

आईचा अंगठा घासण्यात गेला, लेकाचा मोजण्यात. कादर मास्तरांचा अंगठा कधी थांबलेला मी पाहिला नाही. समोरचा बोलत असला की यांचा अंगठा आपला पेरांवरून फिरतो आहे. बाजारात दोन बायका भांडत असल्या की हे भाजीची पिशवी धरून बाजूला उभे. भांडण मिटलं की म्हणणार, "धाकटीचं शेवटचं वाक्य आर्येत बसत होतं हो, वाया गेलं." हेडमास्तर रागावले तरी अंगठा चालूच. एकदा हेडमास्तरांनी त्यांना अर्धा तास झाडलं, आणि बाहेर आल्यावर मी हळहळत विचारलं, "फार बोलले का?" तर म्हणाले, "फार बोलना ते, पन यतीच नही. माणूस दम कोठे ली ऱ्हायना तेच समजत नही."

वर्गात ते बोलत ते मराठी इतकं स्वच्छ की पुस्तकानं त्यांच्याकडून शिकावं. वर्गाचा उंबरा ओलांडला की बहुधा अहिराणी, आणि घरात अम्मांशी त्यांची ती हिंदी. तीन बोलींची तीन पायताणं दाराशी काढून ठेवल्यासारखी असत; कुठली कधी घालायची ते पायांनाच ठाऊक.

त्या पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत ते आपणहून माझ्याकडे आले. मी फटीतून बघत होतो ते त्यांना कळलं होतं.

"भाऊ," ते म्हणाले, "तुम्ही पोऱ्यास्ना तोंडमा गण घाली ऱ्हायनात. आधी कानमा घाला. मंग हातमा. तोंड ते सोताच येस."

मला राग आला. मी कॉलेजात शिकून आलेलो, आणि हा रंगारी मला शिकवणार! दुसऱ्या दिवशी मी पुन्हा यमाताराज सुरू केलं. चौथ्या दिवशी मीच फळी ठोठावली आणि माझा वर्ग त्यांच्या वर्गात नेऊन बसवला. मी मागे, मुलांत, मांडी घालून बसलो. पुढची दोन वर्षं सवड मिळेल तेव्हा तिथेच बसलो, आणि आजही कुणी मला शिक्षण कुठे झालं विचारलं तर मी कॉलेजचं नाव सांगतो तेव्हा थोडं खोटं बोलत असतो.

अलंकारांबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं: बाई आधी, दागिना मग. सांगायला काही नसलं की लोक उपमा शोधतात, असं ते म्हणत. अभंगाचा छंद शिकवताना फळ्यावर नुसते आकडे लिहीत: सहा, सहा, सहा, चार. मग विचारत, "शेवटी दोन अक्षरं कमी का?" आणि स्वतःच सांगत, "ती ऐकणाऱ्याची. त्याला आत शिरायला जागा नको?" मी हे वाक्य नंतर पस्तीस वर्षं वर्गावर्गात वापरलं आणि एकदाही त्यांचं नाव घेतलं नाही. आज घेतो.

मी एकदा त्यांना विचारलं, "मास्तर, इतकं सगळं येतं, मग तुम्ही कविता का करत नाही?"

"ठसा कोरणारा वेगळा आणि रंग देणारा वेगळा," ते म्हणाले. "मी ठसेवाला. माझ्याकडे सगळे साचे आहेत. भरायला अजून काही मिळालं नाही."

आखाजीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि दिवस कलला की नदीच्या दोन काठांवर दोन गावच्या बायका उभ्या राहून एकमेकींना शिव्या घालतात. गाण्यात घालतात. वर्षभराचं तुंबलेलं सगळं त्या दिवशी पाण्यावरून पलीकडे जातं, आणि कुणी कुणाचं वाईट वाटून घेत नाही. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नसतं. कादर मास्तरांनी पाचवीच्या मुलामुलींना घरचा अभ्यास दिला: गोमाई नदीच्या काठी जाऊन ऐका आणि प्रत्येकी तीन अलंकार पाटीवर लिहून आणा.

दुसऱ्या दिवशी नेमके हेडमास्तर वर्गात आले. आमचे हेडमास्तर सज्जन, सोवळे आणि घाबरट होते. त्यांनी पहिली पाटी उचलली. ती गेंदीची, एका शेतकरी पाटलाच्या लेकीची, होती. सुरेख अक्षरात लिहिलं होतं:

'उपमा: तुन्हा नवरा जसं वल्लं लाकूड, जळस कमी, धूर जास्ती.

अतिशयोक्ती: तुमना गावनी कढी इतली पातळ, तळले बठेल माशीबी दिखस.

व्याजस्तुती: तुन्ही सासू कितली दयाळू, भाकर देस नि कोर मोजी लेस.'

हेडमास्तरांनी तीस पाट्या वाचल्या. तिसाव्या पाटीपर्यंत त्यांचा चेहरा पांढराफटक झाला होता. "मास्तर, ह्या शिव्या आहेत!"

"होय," कादर मास्तर अदबीनं म्हणाले. "पण एकही चुकीची नाही. तपासून घ्या."

खरंच नव्हती. ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला व्याजस्तुतीचं एकच उदाहरण पाठ होतं. इथे पाचवीच्या मुलीनं ते नदीवरून ओलं उचलून आणलं होतं. मी मागे बसून अक्षरशः थक्क झालो होतो. पाट्या पुसल्या गेल्या, मास्तरांना लेखी समज मिळाली, आणि समजपत्रात दोन ठिकाणी 'अनुचित' शब्द आला म्हणून त्याला अनुप्रास म्हणावं का, यावर मास्तरांनी माझ्याशी घरी जाईपर्यंत चर्चा केली.

त्यापुढच्या हिवाळ्यात शाळाखात्याचे मोठे साहेब येणार असं ठरलं. साहेब आले की स्वागतपद्य हवंच, आणि ते शार्दूलविक्रीडितात हवं, असा शाळाशाळांतून रिवाज होता. हेडमास्तरांनी कादर मास्तरांना बोलावलं. मी तिथेच होतो.

"साहेबांना ज्ञानसूर्य म्हणा," हेडमास्तर म्हणाले. "बाकी तुम्हाला सांगायला नको."

आता हे साहेब कोण, ते सांगायला हवं. डोंगराच्या पायथ्याशी एका पाड्यावर कादर मास्तरांनी दोन वर्षं रविवारची भट्टी सोडून, लोकांच्या पाया पडून, अर्जावर अर्ज करून एक शाळा उघडवली होती. पटावर मुलं कमी म्हणून ह्याच साहेबांनी त्या दिवाळीत ती एका सहीनं बंद केली. मास्तर त्यावर कुणाशी बोलले नव्हते. चार-सहा दिवस त्यांचा अंगठा जरा जास्त वेगानं फिरत होता, एवढंच.

"जमणार नाही, सर," ते म्हणाले.

"का? वृत्त अवघड आहे?"

"वृत्त सोपं आहे. रूपक अवघड आहे. उपमेत 'सारखा' म्हणायची पळवाट असते. रूपकात नसते. रूपक म्हणजे हा तोच आहे असं सांगणं. मी त्यांना सूर्य म्हटलं, तर उद्या सकाळी पूर्वेकडे कोणत्या तोंडानं बघू?"

"मग उपमा द्या!"

"उपमेला सारखेपणा लागतो, सर."

हेडमास्तरांनी हात टेकले. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. इथे मला माझी फुशारकी मारता येत नाही, कारण मी लगेच हो म्हटलं. नवी नोकरी होती, आणि खरं सांगायचं तर आपलं पद्य साहेबांपुढे म्हटलं जाणार याच्या गुदगुल्या होत होत्या. रात्र जागून चार श्लोक पाडले आणि सकाळी निर्लज्जपणे कादर मास्तरांकडेच तपासायला नेले. पहिली ओळ होती, 'साक्षात् सूर्यच हा भूमीस उतरे, अज्ञान जाई लया'.

त्यांनी ती दोनदा ऐकली. अंगठा फिरला, थांबला नाही, पण एका पेरावर अडखळला.

"सातव्या अक्षराला लंगडतंय. 'भू' गुरू आहे, तिथं लघु पाहिजे. 'धरेस' करा."

मी 'धरेस' केलं. ओळ घोड्यासारखी सरळ धावू लागली. मी त्यांच्याकडे बघू शकेना. म्हटलं, "मास्तर, तुम्हाला हे पद्यच पसंत नाही, मग दुरुस्त कशाला करता?"

"तुमचं म्हणणं तुमच्यापाशी," ते म्हणाले. "पण मुलं म्हणणार आहेत. त्यांच्या कानात लंगडं जायला नको."

एवढा मोठा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्या वाक्यासरशी मला माझा काळा कोट अंगाला टोचू लागला.

साहेब आले. पद्य झालं. साहेब प्रसन्न झाले आणि मुलांची परीक्षा घ्यायची त्यांना लहर आली. मुलांपुढे उभे राहून त्यांनी विचारलं, "आत्ता म्हटलेल्या पद्याच्या पहिल्या ओळीत कोणता अलंकार?"

गेंदीचा हात वर गेला. "रूपक."

"शाबास. कशावरून?"

"सायबले सूर्य म्हनेल शे. सूर्यना सारखा म्हनेल नही."

"मग उपमा का बरं दिली नाही कवीनं?" साहेब हसत म्हणाले.

पोर बिचारी. आम्ही तिघं बोललो होतो ते बाहेर व्हरांड्यात पाणी पिताना तिनं ऐकलं होतं, आणि मास्तरांचं बोलणं म्हणजे तिच्या लेखी धडाच. खणखणीत आवाजात तिनं उत्तर दिलं, "उपमाले सारखेपना लागस!"

साहेबांना क्षणभर उमगलं नाही. मग त्यांनी हेडमास्तरांकडे पाहिलं, आणि हेडमास्तरांचा चेहरा पाहून उमगलं. ते हसले, गेंदीला पेढा दिला आणि विचारलं, "तुला हे कुणी शिकवलं?" ती अभिमानानं कादर मास्तरांकडे बोट दाखवून मोकळी झाली.

मास्तरांना एक शब्द बोलून सुटता आलं असतं. मुलगी चुकली म्हणाले असते तरी भागलं असतं. ते पुढे झाले, गेंदीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरोबर उत्तर दिलंस."

पंधरा दिवसांत बदलीचा हुकूम आला. अक्कलकुव्याच्या वर, सातपुड्यात, काठी गावच्या वाटेवरचा एक पाडा. मोटार पायथ्यापर्यंत, पुढे पाय. अम्मांना तिथे नेणं शक्य नव्हतं. दिसत नव्हतं, दम लागायचा. निघताना मास्तरांनी एक वळकटी आणि शाईची बाटली घेतली. ती शाई ते घरीच करायचे, हिरडा आणि हिराकस उकळून. अम्मांच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "जल्दी आ." मी मोटारीपर्यंत पोचवायला गेलो. मला माफी मागायची होती. मागता आली नाही. मी म्हटलं, "तिकडे थंडी असेल." ते म्हणाले, "असेल."

ते गेल्यावर अम्मांकडे मी अधूनमधून जाऊ लागलो. दारात माझं पाऊल वाजलं की त्या मान वर करायच्या आणि पाऊल ओळखलं की खाली घालायच्या. ते मला फार लागे. त्यांना स्वतःचे डोळे मिटायच्या आधी लेक दारात हवा होता, आणि माझ्या मनात दुसरं काही नव्हतं: मास्तर परत यायला हवेत.

वर्षभरानं तशी वाट निघाली. साहेबांना बढती मिळाली होती आणि जिल्ह्यातले शिक्षक मिळून त्यांना मानपत्र देणार होते. हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. "कादर मास्तरांनी शार्दूलविक्रीडितात आठ ओळी लिहून द्याव्यात. खाली नाव त्यांचं. साहेब जुनं विसरायला तयार आहेत. पावसाळ्याआधी मास्तर शहाद्यात. तुम्ही जा, तुमचं ते ऐकतील."

मी अम्मांना सांगायला धावत गेलो. वाटलं, त्यांना आनंद होईल. त्या सगळं ऐकत खाटेच्या काठावरून हात फिरवत राहिल्या.

"उसको बोलना," त्या म्हणाल्या, "अपने घर में कच्चा रंग आज तक कोई दिया नहीं."

"अम्मा, पण तुम्हाला तो यायला हवा ना?"

"हवा है रे बाबा," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसायला लागल्या. "फिर भी बोलना."

होळीच्या सुट्टीत मी डोंगर चढलो. वाटेनं माणसंच माणसं काठीच्या होळीला निघाली होती. कमरेला घुंगरं, दुधीभोपळे, डोक्यावर मोरपिसांचे टोप, खांद्यावर ढोल. पाड्यावर पोचलो तेव्हा कादर मास्तर शाळेच्या कुडाला शेण लावत होते. वाळले होते. नखं मात्र तशीच निळी. मला बघून त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही.

मी निरोप सांगितला. हेडमास्तरांचा पूर्ण सांगितला. अम्मांची प्रकृती सांगितली, थोडी वाढवूनच. अम्मांचा निरोप मात्र गिळला. तो सांगितला तर ते येणार नाहीत हे मला ठाऊक होतं, आणि मला ते यायला हवे होते.

त्यांनी हातावरचं शेण धुतलं. कागद घेऊन झाडाखाली जाऊन बसले. तासाभरानं दोन घड्या केलेले कागद माझ्या हातात दिले. "हा हेडमास्तरांचा. हा अम्माचा. अम्माचा वाचून दाखवा."

मला इतका आनंद झाला की मी तिथेच पहिला कागद उलगडला. आठ ओळी होत्या. एकाही ओळीत अक्षर नव्हतं. गुरूला आडवी रेघ, लघुला अर्धचंद्र, ओळीओळीत एकोणीस खुणा, बाराव्यानंतर यतीसाठी नेमकी जागा सोडलेली. निर्दोष शार्दूलविक्रीडित. खाली लिहिलं होतं: 'साचा दिला आहे. शब्द ज्यांच्यापाशी असतील त्यांनी घालावेत.' आणि सही.

मी कागदाची घडी केली. मग अम्मांचा निरोप सांगून टाकला, आणि तो लपवल्याचंही सांगितलं. कादर मास्तरांनी टोपी काढून तोंडावर धरली. मग म्हणाले, "आईले पुसानी गरज नव्हती. पन बरं वाटनं."

त्या रात्री आम्ही काठीला गेलो आणि पहाटे होळी पेटली. मी तो देखावा वर्णन करायच्या भानगडीत पडत नाही. मास्तर म्हणायचेच, सांगायला फार असलं की अलंकार आवरावेत. ढोल वाजत होते, आणि शेजारी बायकांची एक रांग एकमेकींच्या कमरेत हात घालून गात नाचत होती. मास्तरांचा अंगठा पेरांवर चालू झाला. एकदा मोजलं, मान हलवली. पुन्हा मोजलं. दर वेळी ओळ एका पावलानं लांबत होती, की आखूड होत होती, कोण जाणे. मला म्हणाले, "भाऊ, वरीस झालं ऐकी ऱ्हायनू. ह्याले नाव शे का?" मी म्हटलं, "पुस्तकात नाही." त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला. मग त्यांचा अंगठा थांबला. हात उघडा पडून राहिला मांडीवर, आणि सगळी वृत्तं पाठ असलेला तो माणूस पाचवीतल्या पोरासारखा तोंड उघडं टाकून ऐकत बसला. उजाडलं तेव्हा मी निघालो. वळणावरून मागे पाहिलं तर अजून तसेच बसले होते.

मी त्यांना पाहिलं ते हे शेवटचं. बदली झाली नाही. पावसाळ्यापूर्वी ते अम्मांना भेटायला चार दिवस येऊन गेले, तेव्हा मी नेमका धुळ्याला होतो. पुढे मीही बदलून गेलो, आणि मागून फक्त ते गेल्याची बातमी आली. त्या होळीनंतर हेडमास्तरांनी तो खुणांचा कागद उलटसुलट करून पाहिला आणि माझ्यापुढे सरकवला: "तुम्ही भरा." मी म्हटलं, "सर, माझ्यापाशी शब्द नाहीत." आयुष्यात एवढं एकच वाक्य मी कादर मास्तरांच्या तोडीचं बोललो असेन.

दुसरा कागद मी डोंगरावरून उतरलो त्याच दिवशी अम्मांकडे नेला. त्यांनी मान वर केली, पाऊल ओळखलं, खाली घातली. "नहीं आया," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "कागद आला आहे." आणि कादर मास्तरांनी आयुष्यात भरलेला पहिला साचा मी त्यांना वाचून दाखवला:

'उन्हात घातला। पाण्यात पिळला।
दगडी छळला। तरी तोच॥
अम्मा तुझा रंग। नखात राहिला।
डोंगरी पाहिला। माझ्या सवे॥'

अम्मांनी हात पुढे केला. मी कागद हातात दिला. त्यांनी अंगठा तोंडात ओला केला, कागदावर ठेवला आणि जोरानं घासला, एकदा, दोनदा, ताक्यावर घासत तसा. मग तो अंगठा माझ्यापुढे धरला.

"लगा क्या?"

मी तो हातात घेऊन पाहिला. "नाही, अम्मा."

"पक्का है," अम्मा म्हणाल्या, आणि कागद घडी करून कमरेला खोचला.